गाडीचं पांघरूण

आमची इमारत बांधली तेव्हा एरंडवण्यात घरटी एक स्कूटर ही श्रीमंती होती. त्यामुळे पार्किंगमध्ये आजही स्कूटरच मावते आणि गाडी रस्त्यावर, पर्जन्यवृक्षाखाली उभी असते. हे झाड सावली देतं, असं ज्यांना गाडी नाही ते सांगतात. आम्हाला ते चिकट थेंब देतं, गुलाबी तुरे देतं, गुळचट शेंगा देतं आणि उरलेलं सगळं फांद्यांवर मुक्कामाला असलेले पक्षी देतात.

त्या उरलेल्याचं प्रकरण गंभीर. विष्ठा आम्लधर्मी असते. मे महिन्यात पत्रा तापला की रंगावरचा पारदर्शक थर किंचित मऊ पडतो आणि संध्याकाळी गार होताना आक्रसतो. मग डाग धुतला जात नाही, कोरला जातो. हा थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मा! लाखो रुपयांच्या गाडीची अब्रू एवढ्याशा जाडीवर उभी आहे, हे शोरूममध्ये पेढ्याचा बॉक्स हातात देताना कुणी सांगत नाही.

"अहो, सरळ एक कव्हर आणा," बायको म्हणाली.

"कव्हर? रंगाची वाट लावायचीय का?" दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यातूनच ओरडले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण अडवायची सवय गेलेली नाही.

मी नाना पेठेत गेलो.

"आतून मऊ अस्तर आहे का?"

"आहे की."

"हवा खेळते?"

"साहेब, वॉटरप्रूफ आहे."

"म्हणजे आतली वाफ बाहेर जाणार नाही."

"वाफ कुठून येईल? गाडी आहे ना, इडलीपात्र थोडीच आहे!"

या युक्तिवादापुढे घासाघीस करणं मला जमलं नाही. चंदेरी रंगाचं, आरशांना कान असलेलं कव्हर घेऊन घरी आलो.

कव्हर घालणं हे दोन माणसांचं काम आहे आणि त्यातला दुसरा माणूस त्या वेळी नेमका फोनवर असतो. पुढचं इलॅस्टिक बंपरखाली अडकवून मागे जावं तर पुढचं सुटतं. आरशाचे कान डिकीवर आले की कळतं, उलटं घातलंय. त्यात वळवाचं वारं सुटलं तर कव्हर फुगतं, आपटतं, पुन्हा फुगतं. आणि खरी मेख इथेच आहे. गाडीवर धूळ असेल, आणि पुण्यात मेट्रोपासून शेजारच्या पुनर्विकासापर्यंत सगळे ती मनापासून पुरवत असतात, तर प्रत्येक फडफडीबरोबर ती धूळ रंगावर घासली जाते. उन्हात तिरकं बघितलं की बॉनेटभर बारीक गोल ओरखडे दिसतात. शिवाय काढताना कव्हर कसंही गुंडाळलं की बाहेरची धूळ आतल्या बाजूला, आणि दुसऱ्या दिवशी थेट रंगावर.

उपाय शास्त्रशुद्ध आहे: आधी गाडी धुवा, कोरडी करा, मग कव्हर घाला. म्हणजे गाडी घाण होऊ नये म्हणून घालायच्या कव्हरसाठी गाडी रोज धुवायची. इतका वेळ असता तर मी पार्किंग असलेला फ्लॅट शोधला असता.

पावसाळ्यात नाना पेठेतल्या इडलीपात्राचा प्रत्यय आला. चार सरी, मग तासभर ऊन, की आत अडकलेला ओलावा तापतो. असा ओलावा दिवसेंदिवस राहिला तर रंगावर डाग, पुढे फोड, आणि टवका गेलेल्या जागी गंज. ओलं कव्हर काढलं तर ठेवायचं कुठे? डिकीत ठेवलं तर बुरशीचा वास. गॅलरीत वाळत घातलं तर खालच्या मजल्याच्या पापडांवर पाणी. बाथरूममध्ये टांगलं तर रात्री दिवा न लावता आत जाणारा किंचाळतो.

तरी माझं मत कव्हरच्या विरोधात नाही. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, स्वच्छ आणि कोरडी असेल, कव्हर हवा खेळणारं, अंगाला बसणारं असेल, तर ऊन आणि पक्षी या दोघांपासूनही ते रंग वाचवतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या, रस्त्यावर झोपणाऱ्या गाडीला मात्र महिन्या-दोन महिन्यांनी वॅक्स आणि पक्ष्याने कृपा केली की लगेच ओल्या मऊ फडक्याने भिजवून अलगद पुसणं पुरतं. कोरडं फडकं नको. सकाळी गाड्या पुसायला येणारा पोरगा एकाच कोरड्या फडक्याने आख्ख्या गल्लीच्या गाड्या उरकतो. त्याने केलेले ओरखडे बघितले तर कव्हर बिचारं निरपराध वाटतं.

बायकोला हे पटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाताना तिने कव्हर घालायला लावलंच. "रॉकेटं पडतात," ती म्हणाली. कव्हर पेट घेतं हे मी सांगेपर्यंत रिक्षा आली होती.

परत आलो तर कव्हरवर खळीने चिकटवलेला कागद. सुवाच्य अक्षर, खाली सही नाही: "सदर वाहन जिवंत असल्यास मालकाने हलवावे. मृत असल्यास विल्हेवाट लावावी. झाकून ठेवल्याने प्रश्न सुटत नाहीत."

खळ वाळून दगड झाली होती. मी नखाने खरवडत असताना काका जवळ आले, कागद नीट वाचला, एक शुद्धलेखनाची चूक सापडते का ते पाहिलं आणि म्हणाले, "बघा, म्हणून कव्हर असावं. नाहीतर हे रंगावर चिकटवलं असतं."