एक डिसेंबर ही तारीख आली कुठून?

पक्याचं म्हणणं एकदम सरळ, कोर्टाने सोडलंय ना, मग लीग कोण लागून गेली?

विषय अर्थात आइस हॉकीतला गोलकीपर कार्टर हार्टचा. पोरं आत प्रॅक्टिसला असतात तेव्हा आम्ही कॅनडात मिसिसागातले काही मराठी आईबाप अरीनाबाहेरच्या कट्ट्यावर कॉफी घेऊन बसतो आणि भांडतो. एनएचएल, म्हणजे इथली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग, तिच्यातल्या वेगास टीमने हार्टला घेतल्यापासून तर भांडायला दुसरा विषयच लागत नाही.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. 2018 ला कॅनडाच्या ज्युनिअर टीमने वर्ल्ड गोल्ड जिंकलं, जूनमध्ये इथल्याच लंडन, ऑन्टॅरिओत हॉकी कॅनडाने (देशातल्या हॉकीची मुख्य संघटना) त्यांचा सत्कार ठेवला आणि त्या रात्री हॉटेलात जे झालं त्यावरून टीममधल्या पाच जणांवर (हार्ट त्यातलाच) 2024 मध्ये लैंगिक अत्याचाराचे गुन्हे लागले. चौघं तेव्हा एनएचएलमध्ये होते, पाचवा स्वित्झर्लंडमध्ये खेळत होता. 24 जुलै 2025 ला पाचही जण निर्दोष सुटले. सप्टेंबरात एनएचएलने जाहीर केलं की 15 ऑक्टोबरपासून टीम त्यांना साइन करू शकतात पण मॅच खेळायची 1 डिसेंबरपासून.

"हेच तर! निर्दोष म्हणजे निर्दोष, वर आणखी सहा आठवडे बसवून ठेवायचं कशासाठी? आणि 1 डिसेंबरच का, 1 जानेवारी का नाही, गणेश चतुर्थी का नाही?" पक्या तापला की त्याला आवरणं अवघड.

मी म्हटलं, अरे निर्दोष म्हणजे काय, पुरावा पुरेसा नव्हता, संशयाचा फायदा मिळाला. यावर वहिनींनी मलाच पकडलं. त्या एचआरमध्ये आहेत आणि निकालाच्या बातम्या नीट वाचून येतात. म्हणाल्या, "भाऊजी, तसं नाहीये ते. जजने स्पष्ट म्हटलंय की तक्रारदार बाईची साक्ष विश्वासार्ह वाटली नाही. तो निकाल पटो न पटो, पण नुसता संशयाचा फायदा म्हणून तो छोटा करू नका."

मला वाटलं आता वहिनी पक्याच्या बाजूने, पण नाही. "पण कोर्टासमोरचा प्रश्न एकच असतो, गुन्हा सिद्ध झाला का. माझ्या ऑफिसात एखाद्याबद्दल तक्रार आली तर आम्ही जेलमध्ये टाकायचं का हे ठरवत नाही, इथे कामावर ठेवायचा का ते ठरवतो. एनएचएलच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहिलंय की रिंकवर आणि रिंकबाहेर वागणूक वरच्या दर्जाची पाहिजे. लीगने तेच म्हटलं, गुन्हा असो नसो, वागणं अस्वीकारार्ह होतं."

"मग कायमचं काढा ना! अर्धवट काय? आणि हे चौघं कुठल्या टीमच्या कॉन्ट्रॅक्टवरही नव्हते, 2024 च्या उन्हाळ्यातच टीमांनी हात झटकले. नोकरीच नाही त्याला सस्पेन्ड करताय?"

इथे पक्याचा मुद्दा बिनतोड होता आणि प्लेअर्सची युनियनही हेच म्हणत होती, की सगळ्या चौकशांना सहकार्य केलं, सुटले, आता त्यांना कामावर येऊ द्या. लीगचा हिशोब असा की जानेवारी 2024 पासून बाहेर आहेत, 1 डिसेंबर धरला की जवळजवळ दोन वर्षं भरतात. बरं, पण दोन वर्षं हा आकडा तरी कुठल्या नियमात आहे? कुठल्याच नाही. रिंकबाहेरच्या वागणुकीसाठी शिक्षा द्यायचा अधिकार करारात कमिशनरला आहे, पण कशाला किती हे लिहिलेलंच नाही. बेसबॉलने घरगुती हिंसाचार आणि लैंगिक अत्याचारासाठी 2015 मध्येच युनियनसोबत बसून वेगळी लेखी पॉलिसी केली. हॉकीत मात्र प्रत्येक वेळी कमिशनर गॅरी बेटमन ठरवणार.

इतका वेळ गप्प असलेले काका (नव्वदच्या दशकात इथे आलेले, टोरंटोच्या लीफ्सचे फॅन, म्हणजे 1967 नंतर स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) न आलेल्या टीमसाठी दरवर्षी नव्याने रडणारे) म्हणाले, "बोस्टनचं आठवतंय का, तो मिचेल मिलर?"

सगळ्यांनाच आठवत होतं. चौदा वर्षांचा असताना ओहायोतल्या शाळेत त्याने एका अपंग, कृष्णवर्णीय वर्गमित्राचा जो छळ केला तो इथे लिहवत नाही, बाल न्यायालयात त्याने कबुलीही दिली होती. 2020 ला ॲरिझोनाने ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या निवडीत) घेतला आणि बोंब झाल्यावर सोडला. 2022 च्या नोव्हेंबरात बोस्टनने शुक्रवारी साइन केला, शनिवारी बेटमन म्हणाले हा सध्या एनएचएलसाठी पात्रच नाही, रविवारी बोस्टनने काडीमोड घेतला. त्यांच्याच कॅप्टनने, बर्जरॉनने, उघड नाराजी दाखवली होती.

"म्हणजे चौदाव्या वर्षी केलेल्याला दार बंद," काका म्हणाले, "आणि क्वेनव्हिल, शिकागोचा तेव्हाचा हेड कोच? 2010 ला तिथे व्हिडिओ कोचने स्वतःच्याच टीमच्या प्लेअरवर अत्याचार केला, मीटिंगमध्ये ते कानावर आलं आणि कप जिंकेपर्यंत सगळे चूप. 2021 ला बाहेर आलं तेव्हा क्वेनव्हिलला जावं लागलं, 2024 च्या जुलैत लीगने परत पात्र केलं आणि 2025 ला ॲनाहाइमने पुन्हा हेड कोच! तेव्हा तो चाळिशी कधीच ओलांडलेला माणूस होता हो, पोरगा नव्हता."

पक्या म्हणाला हे दोन वेगळे, एकाने स्वतः केलं, दुसरा गप्प बसला. वहिनी म्हणाल्या, गप्प बसणाऱ्यांमुळेच तर करणाऱ्यांचं फावतं. इथे आवाज एवढा चढला की पार्किंगमधले लोक बघायला लागले.

मी स्लावा व्होयनोव्हचं उदाहरण काढलं. लॉस एंजेलिसचा डिफेन्समन, 2014 ला बायकोला मारहाणीच्या प्रकरणात अटक, जेल, मग रशियाला गेला. 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने त्याची शिक्षेची नोंद काढून टाकली आणि तरीही 2019 ला लीगने त्याच्यावर एक सीझनची बंदी घातली. म्हणजे कोर्टाने सोडलं म्हणजे लीगने घ्यावं हा नियम आधीही नव्हता, पण मग व्होयनोव्हला एक सीझन आणि ह्यांना जवळपास दोन वर्षं, हे माप कुठलं? माझं मत विचाराल तर मला हार्ट खेळतोय याचा जेवढा त्रास होत नाही तेवढा ह्याचा होतो, की बोंब किती मोठी यावर शिक्षा मोजली जाते आणि बोंब विरली की दार उघडतं.

"आपण काय बोलायचं," वहिनी म्हणाल्या, "आपल्याच पोरांच्या फीमधला पैसा त्या फंडात जात होता."

हे खरंय. 2022 ला हॉकी कॅनडाने त्या तक्रारदार बाईचा दावा कोर्टाबाहेर मिटवला आणि मग बाहेर आलं की असले दावे मिटवायला एक फंड होता आणि त्यात लहान पोरांच्या रजिस्ट्रेशनचे पैसे होते. स्पॉन्सर पळाले, ज्यांची कॉफी आमच्या हातात होती ते टिम हॉर्टन्ससुद्धा, आणि ऑक्टोबरात सीईओसकट अख्खं बोर्ड गेलं. आणि इथे आईबापांना मात्र पोराचं नाव घालायच्या आधी रिस्पेक्ट इन स्पोर्टचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो, स्टँडमधून रेफरीला शिव्या देऊ नका म्हणून!

पक्या थोडा नरमला, म्हणजे त्याच्या मानाने. "ठीक आहे, लिहा नियम. पण लिहिलात तर मिलरलाही लागू करा. चौदाव्या वर्षीचं किती वर्षं धरायचं तेही लिहा."

वहिनी म्हणाल्या वर्षांचं नंतर बघू, आधी त्याने त्या मुलाची माफी कशी आणि कधी मागितली ते बघा, कॉन्ट्रॅक्ट दिसायला लागल्यावर मागितलेली माफी मी धरत नाही. काकांनी विचारलं, हे ठरवणार कोण, परत बेटमनच ना? आणि त्यावर पक्या आणि वहिनी दोघंही एकदम बोलायला लागले.