पुराव्यानिशी म्हातारे व्हा

साठी जवळ आली की माणसं भलत्याच गोष्टींना घाबरतात. गुडघे, साखर, मोतीबिंदू, सून. यातलं काहीही औषधाने किंवा अबोल्याने आटोक्यात येतं. खरी तयारी लागते ती कागदपत्रांची, आणि ती वेळेत करा असं कोणी सांगत नाही. म्हणून मी, वय ७३, मुक्काम कोथरूड, ज्येष्ठ नागरिक संघाचा सभासद आणि निवृत्तीनंतर व्यवसायाने अर्जदार, तुम्हाला चार शब्द सुनावतो. फुकट. पुण्यात कोणी फुकट काही देत असेल तर आधी संशय घ्यावा हे मला माहीत आहे, पण ऐकून तर घ्या.

सर्वांत आधी तुम्ही नेमके कधी म्हातारे होणार हे बघून ठेवा. केस, दात आणि बायकोचं मत यांवर जाऊ नका. राज्याच्या धोरणात पूर्वी माणूस ६५ व्या वर्षी ज्येष्ठ व्हायचा. २०१८ मध्ये ते वय ६० वर आणलं आणि मधली सगळी मंडळी एका रात्रीत पिकली. पण म्हणून स्वारगेटला जाऊन साठीचा रुबाब दाखवू नका. एसटीत अर्धं तिकीट ६५ ला लागू होतं, आणि ऑगस्ट २०२२ पासून संपूर्ण फुकट प्रवास आहे तो ७५ पूर्ण केलेल्यांना. म्हणजे बसची पहिली पायरी चढणं अशक्य झालं की प्रवास मोफत. दवाखान्यात मोफत उपचारांचं, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड ७० ला. आयकरवाले ८० ला 'अतिज्येष्ठ' म्हणतात. रेल्वेने तर म्हातारपणच रद्द करून टाकलंय. मार्च २०२० पर्यंत बाई ५८ व्या वर्षी आणि पुरुष ६० व्या वर्षी म्हातारा व्हायचा, बाईला निम्मी सवलत, पुरुषाला ४० टक्के. करोनात ती थांबली ती थांबलीच. तेव्हा चिरतरुण वाटून घ्यायचं असेल तर सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडावी आणि पंचविशीतल्या पोराच्या शेजारी त्याच्याइतकेच पैसे भरून बसावं.

मी सध्या एसटीत अर्धा म्हातारा आहे, दवाखान्यात पूर्ण आणि रेल्वेत जवान.

वय ठरलं की पुढची पायरी जिवंत असण्याची. नुसतं जिवंत असून भागत नाही, पेन्शन चालू राहायची तर ते दर नोव्हेंबरात सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला, त्याला नाव दिलं 'जीवन प्रमाण'. आमच्याकडे पेन्शन सौभाग्यवतीची. ती ३२ वर्षं शाळेत शिकवत होती. पेन्शन तिची, धावपळ माझी, अशी आमची विभागणी आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही बँकेत गेलो. बँकेचं नाव सांगत नाही, तिथे अजून आमचं खातं आहे.

टेबलावर काडेपेटीएवढं यंत्र, त्याच्या काचेत लाल दिवा. मुलगा म्हणाला, "आजी, अंगठा ठेवा." ठेवला. "जोरात दाबा." दाबला. "एवढं नको." मग दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. मागे रांग वाढत होती आणि रांगेतले जाणकार सल्ले देत होते. एक म्हणाले, बोट कपाळावर घासा, तेल लागलं की ठसा उठतो. दुसरे म्हणाले, तेल नको, पाणी लावा. दहाही बोटं झाली. मुलगा शेवटी हळू आवाजात म्हणाला, "आजी, ठसेच नाहीत हो."

असणार कुठून? ३२ वर्षं खडू, ४५ वर्षं भांडी आणि कणीक. पगार आणि पोळ्या या दोन्ही कामांत बोटं झिजतात. आता सरकार त्या बोटांना विचारतंय, की ही बाई आहे ती तीच कशावरून?

मग चेहऱ्याची पडताळणी. मुलाने मोबाइल समोर धरला आणि म्हणाला, "आजी, डोळ्यांची उघडझाप करा." आमच्या हिने उभ्या आयुष्यात परक्या पुरुषासमोर डोळे मिचकावले नव्हते. तिने माझ्याकडे बघितलं. मी परवानगी दिल्यासारखी मान हलवली. दोनदा जुळलं नाही, कारण आधारवरच्या फोटोसारखी ती दिसत नाही. तसं कोणीच दिसत नाही, त्यातच त्या फोटोची सुरक्षितता आहे. तिसऱ्या वेळी हिरवी खूण आली. बाहेर पडताना ही म्हणाली, "झाले बाई एकदाची जिवंत. चला, मंडईत मटार आलेत का बघू."

तेव्हा माझा सल्ला असा, की पन्नाशीपासूनच बोटांची निगा राखा. भांडी नवऱ्याला घासू द्या. विशेषतः केंद्राची पेन्शन असेल तर ठसे प्राणापलीकडे जपा, कारण तिथे ८० नंतर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, पुढे दर पाच वर्षांनी टक्का चढत जातो आणि शंभरी गाठली की पेन्शन थेट दुप्पट. शंभराव्या वर्षी खर्च कशावर करायचा हा प्रश्न आत्ता विचारू नका.

काहींना वयाबरोबर गरिबीही सिद्ध करावी लागते. त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे. नाव किती समर्पक! तो बिचारा आईबापांना कावडीत घालून तीर्थयात्रेला निघाला आणि पाणी आणायला गेलेला असताना राजाच्याच बाणाने मेला. वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, की महिन्याला १,५०० रुपये. वार्षिक म्हटलंय मी. महिन्याला १,७५० रुपये पडले. पुण्यात एवढ्या पैशात कुटुंब चालवणारा माणूस सापडला तर त्याला अर्थ खात्यात घ्यायला हवा, पण आपण त्याला तहसीलदाराकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाठवतो. लाभार्थी व्हायचं असेल तर उत्पन्नावर कडक नजर ठेवा. शेजारणीच्या पापडांना मदत करून चार पैसे सुटले तर लगेच श्रीमंत व्हाल.

वयोश्री योजनेतही उत्पन्नाची अट आहे, पण ती दोन लाखांची, म्हणजे तिथे थोडं खाऊनपिऊन गरीब असलेलं चालतं. एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात, साधनं घ्यायला. यादी वाचून ऊर भरून येतो: चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा, मानेचा पट्टा. तीन हजारांत. तुम्ही फक्त आधी ठरवा, की ऐकू येणं महत्त्वाचं की चालणं.

मुलांनी सांभाळलं नाही तर २००७ चा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, महिना १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. या कायद्याखाली अर्ज लिहून घेताना मी संघात दोन-तीन जणांना बघितलंय. मुलाचं नाव 'विरुद्ध' या शब्दाच्या खाली लिहायची वेळ आली की पेन थांबतं. त्यावर मला विनोद सुचत नाही. पुढे चला.

आता विरंगुळा केंद्र. महापालिकेने गावभर बांधलेली ही केंद्रं खरोखर चांगली आहेत आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही, हे वेगळं सांगावं लागतं एवढीच पंचाईत. आमच्या केंद्रात एक कॅरम आहे, चार वर्तमानपत्रं येतात आणि त्यांची पानं सुटी करून वाटली जातात. नवीन सभासदाला पहिलं वर्ष छोट्या जाहिराती मिळतात, मग क्रीडा, मग अग्रलेख. पहिलं पान मिळायला कोणीतरी वर जावं लागतं. दारावर उद्घाटनाची कोनशिला आहे, तिच्यावर नगरसेवकाचं नाव केंद्राच्या नावापेक्षा मोठं. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, सगळे नगरसेवक माजी झाले. कोनशिलेला कोणी कळवलं नाही. नळ गळायला लागला तेव्हा तक्रार कोणाकडे करायची यावर तीन महिने चर्चा झाली. दरम्यान एका ७९ वर्षांच्या निवृत्त फिटरने घरून पाना आणून नळ दुरुस्त केला. चर्चा त्यानंतरही चालू राहिली, कारण तोच खरा विरंगुळा होता.

केंद्राची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्याशी मैत्री ठेवा. बाकी शासकीय यंत्रणेबद्दल यापेक्षा उपयुक्त काही मला सांगता येणार नाही.

आणि हो, १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. एकटेपणा वगैरे जे काही वाटून घ्यायचं असेल ते त्या वेळात वाटून घ्या.

आता उरले स्वयंसेवक. १ ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ज्येष्ठ दिनी, त्यांचा हंगाम सुरू होतो. या दिवशी घरी राहू नका, नाहीतर सत्कार होईल. माझ्याकडे सात शाली आहेत आणि पुण्यात थंडी जेमतेम दोन महिने पडते. कॉलेजच्या मुलांना राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. तुम्ही त्या तासांचा कच्चा माल आहात, तेव्हा त्यांच्याशी सहकार्याने वागा. त्यांना यायला उशीर होतो, त्यांना भूक लागते, त्यांना गॅलरीत चांगला उजेड लागतो. पोहे जरा जास्त करा.

मागे आमच्याकडे अशी चार मुलं आली. कॉलेज कुठलं ते राहू दे. एका मुलीच्या हातात प्रश्नावली होती. तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला एकटं वाटतं का? हो, नाही की कधी कधी?" मी म्हटलं, आत्ता नाही, आत्ता घरात सहा माणसं आहेत. तिने 'कधी कधी' वर खूण केली. मग त्यांनी मला मोबाइलवर सरकारी ॲप उतरवून दिलं, त्याचा पासवर्ड त्यांनीच ठेवला, आणि तो काय होता हे मला अजून माहीत नाही. ग्रुप फोटो झाला. फोटोत मी मधे, आणि माझ्या हातात त्यांचाच फलक.

एक मुलगा मात्र मागे रेंगाळला. काळा, किडकिडीत, सोलापूरकडचा असावा बोलण्यावरून. माझा मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "आजोबा, एवढं बारीक कसं काय वाचता?" आणि दोन बोटं फिरवून अक्षरं मोठी करून दिली. तीन वर्षं मी तो फोन डोळ्यांना चिकटवून वाचत होतो. मुलाने अमेरिकेतून महागातला पाठवला होता, पण अक्षरं मोठी होतात हे सांगायचं राहून गेलं असणार. त्या पोराच्या वहीत सही करताना मी दोन तासांच्या जागी चार लिहिले. खोटी सही आहे, कळवायचं असेल त्यांनी कळवावं.

एरवी सेवेचं खरं काम करणारे स्वयंसेवक पाहायचे असतील तर आमच्या संघात मंगळवारी सकाळी या. ८१ वर्षांचे एक सभासद भिंगातून बघत ७६ वर्षांच्या बाईंचा अर्ज भरत असतात. झेरॉक्स काढायला ७४ वर्षांचे 'तरुण' धावतात, म्हणजे चालतात. परवा ते ८१ वर्षांचे गृहस्थ चष्मा पुसत मला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांचं फार अवघड असतं हो. आपण करायला पाहिजे काहीतरी."

सरकार दाराशी येतच नाही असा मात्र गैरसमज करून घेऊ नका. येतं. २०२४ च्या लोकसभेला आलं होतं. घरून मतदानाची सोय आधी ८० ला होती, त्या निवडणुकीआधी ती ८५ वर नेली. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा तेव्हा ८६ चे आणि आजी ८२ च्या. पाय दोघांचेही सारखेच गेलेले, पण आजींचे पाय नियमाने तीन वर्षं तरुण. त्यांना १३ मेच्या उन्हात रिक्षात घालून शाळेत नेलं, आणि तिथून खोलीपर्यंत खुर्चीसकट उचलून.

आजोबांकडे मात्र त्याआधीच अख्खं पथक आलं. दोन अधिकारी, पोलीस, शिवाय व्हिडिओ काढणारा. पुठ्ठ्याचा आडोसा लावला, आजोबांनी मत दिलं, पाकीट बंद केलं, पेटीत टाकलं. सगळं रेकॉर्ड झालं. इतकी शिस्त, इतकी अदब, की आजोबांनी स्वेटर घालून घेतला होता, मे महिन्यात. निघताना त्यांनी व्हिडिओवाल्याला थांबवलं.

"यात मी जिवंत दिसतोय ना नीट?"

"हो आजोबा, एकदम स्पष्ट."

"मग त्याची एक कॉपी द्या. नोव्हेंबरात बँकेला दाखवीन."

साहेबांनी पेटी काखेत घेतली आणि म्हणाले, "तसं नाही करता येत आजोबा. मतदान गुप्त असतं."