कलम ५३६ मधला ‘केवळ’

आज सातच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आई घरी आली ती उजवा हात पदरात गुंडाळून. चर्चच्या दारात पाय घसरला. मनगट टम्म सुजलंय. हाड मोडलं नाही, देवाची दया. पण डाव्या हातात धुवायला आणलेली वेदीची वस्त्रं तशीच्या तशी. पडतानासुद्धा तिने ती छातीशी धरली होती, एकावरही चिखलाचा ठिपका नाही. ३१ वर्षं ती ही वस्त्रं धुतेय, खळ घालतेय, इस्त्री करतेय.

ही तीच गुळगुळीत फरशी. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या लोकांच्या सल्लागार मंडळाच्या, बैठकीत आई उभी राहून म्हणाली होती, “फादर, आपल्या वसईच्या पावसात ही फरशी नको. म्हाताऱ्या बायका पडतील.” १४ जणांनी तिच्या बाजूने हात वर केले, विरोधात दोघे. त्यावर फादरांचं उत्तर मिळालं, कौन्सिलने सल्ला द्यायचा, निर्णय माझा. फरशी बसली. आता दारात गोणपाट टाकून ठेवतात.

फादरांचा राग आलाच. पण त्यांनी नियम मोडला नाही, हे जास्त झोंबतं. १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं, कलम ५३६ काढून वाचा. कौन्सिल नेमायची की नाही हे बिशपांनी ठरवायचं, अध्यक्ष पॅरिशचे प्रमुख धर्मगुरू, आणि सभासदांचं मत केवळ सल्ल्यापुरतं. लगेच पुढच्या ५३७ मध्ये अर्थ समिती मात्र सक्तीची. म्हणजे पैशाचा प्रश्न आला की माणसं लागतातच. माझ्या आईचं मत मात्र ‘केवळ’!

आणि हे मी एकटीच म्हणत नाहीये. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जे सिनड, म्हणजे चर्चची विचारविनिमय सभा, सुरू केलं, त्याच्या ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम दस्तऐवजात हेच आहे. या कौन्सिली सक्तीच्या करा, ‘केवळ सल्ला’ हे शब्द पुन्हा तपासा, आणि नीट विचारविनिमयातून जे पुढे येतं त्याकडे अधिकाऱ्याला डोळेझाक करता येणार नाही. पोपनी ते मंजूर केलं. त्याच सिनडमध्ये पहिल्यांदा स्त्रियांनी मतदान केलं. रोममध्ये पोपसमोर बाईचं मत मोजलं जातं, आणि आमच्या गावात दाराच्या फरशीवरही नाही?

आपल्या वसईच्या कॅथलिक समाजाची सहकारी बँक १९१८ पासून उभी आहे. ताळेबंद वाचणारी, सभेत प्रश्न विचारणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. ती बँक काढण्यात धर्मगुरूच पुढे होते, हे मान्य. मग त्याच लोकांवर चर्चमध्ये विश्वास का नाही?

चर्च म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, श्रद्धा हात वर करून ठरत नाही. ठीक आहे. पण फरशी म्हणजे धर्मसिद्धान्त नव्हे.

एवढं लिहिलं आणि बाबा गेले ती रात्र आठवली. अडीच वाजता, धो धो पावसात, हेच फादर शेवटच्या अभ्यंगाचं पवित्र तेल घेऊन आले होते. ओल्या झग्यानिशी पहाटेपर्यंत आईशेजारी बसून जपमाळ म्हणत होते. ते मी कशी विसरेन? त्यांना वाईट ठरवायचंच नाहीये मला. उद्या त्यांची बदली होईल, दुसरे येतील, चांगलेच असतील. पण आईचं ऐकायचं की नाही हे येणाऱ्याच्या स्वभावावर का सोडायचं? कायद्यात लिहा. कौन्सिलचं म्हणणं मानायचं नसेल तर कारण लेखी द्या आणि रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवा. आताचे पोप लिओ स्वतः कॅनन लॉचे डॉक्टर आहेत. एका शब्दाने काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको.

आई आतून हाक मारतेय. वस्त्रं भिजत घालायची आहेत, डाव्या हाताने करते म्हणते. मी म्हटलं, आण इकडे, मी धुते. तिने माझ्याकडे पाहिलं.

“आधी हात स्वच्छ धू,” म्हणाली.