सम, खाली आणि पोह्यांचा डबा

‘मी म्युझिक प्रोड्यूसर होणार’ असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा पहिला प्रश्न मामाने विचारला, "पैसे कोण लावतंय?"

मामाच्या मते प्रोड्यूसर म्हणजे निर्माता आणि निर्माता म्हणजे वावर विकून पिक्चर काढणारा माणूस. यात कुणी पैसे लावत नाही, मीच कॉम्प्युटरवर गाणं तयार करतो, असं मी समजावलं. "गातं कोण?" कुणी गात नाही. "पेटी, तबला?" नाही. "मग राहतं काय?" मी हेडफोन त्याच्या कानाला लावले. मामाने बारा-तेरा सेकंद अगदी मन लावून ऐकलं आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "ताई, याच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय गं."

आम्ही नाशिकरोडचे, त्यातही जेल रोडचे. बाबा प्रेसमध्ये. आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनातसुद्धा येत नाही, नोटाच येतात. एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टी न कंटाळता तपासण्यात बाबांचं आयुष्य गेलं. त्यामुळे माझं संगीत झेपेल तर याच माणसाला, अशी मला आशा होती. पण तेही मिनिटभरात हरले. घड्याळ बघून म्हणाले, "एक मिनिट झालं. गाणं कधी सुरू होणार?"

घड्याळ अचूक होतं. मिनिटाला १२८ ठोके, चार ठोक्यांचा एक बार आणि सुरुवातीचे ३२ बार नुसता ठेका. गुणाकार केला की बरोबर ६० सेकंद. डीजेला आधीच्या गाण्याखाली हे गाणं हळूच सरकवायचं असतं, दोघांचे ठोके जुळवायचे असतात, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडतात, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे हे मिनिट दुसऱ्याच्या गाण्यासाठी?" आणि पेपर वाचायला लागले.

थोडक्यात, मला गुरू हवा होता. गोदाकाठी गुरूंना तोटा नाही. कीर्तन, पौरोहित्य, ज्योतिष, स्पर्धा परीक्षा, ज्याचा हवा त्याचा मिळतो. डान्स म्युझिकचा मात्र मिळेना. मग सगळे करतात तेच केलं, व्हिडिओ बघितले. तिथले गुरू फार उदार असतात, फक्त एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. एक म्हणतो किक, म्हणजे ठेक्यातला तो जड ‘धप्प’, आधी निवडा, दुसरा म्हणतो किक शेवटी. त्यातून एक विद्या मात्र पदरात पडली, साइडचेन. किकचा ठोका पडला की बेसचा आवाज क्षणभर आपोआप दबतो आणि ठोका संपला की पुन्हा वर येतो. खालच्या पट्टीत दोघांना एकाच वेळी जागा नसते, म्हणून ही सोय. आमच्या घरात ती पहिल्यापासून आहे. बाबा हॉलमध्ये आले की टीव्हीचा आवाज खाली जातो, ते आत गेले की वर. आईने त्यासाठी एकही व्हिडिओ पाहिलेला नाही.

सॉफ्टवेअर मी फुकटातलं घेतलं होतं. त्यात गाणं सेव्ह करता यायचं, पण सेव्ह केलेलं पुन्हा उघडायचं तर पैसे. कुलूप फुकट, किल्ली विकत. यावर उपाय म्हणून मी अकरा दिवस कॉम्प्युटर बंदच केला नाही. आई त्याला नंदादीप म्हणायची. बाराव्या दिवशी, शनिवारी, दुपारी लाईट गेली आणि नंदादीपाबरोबर एकाच गाण्याचे चौसष्ट ट्रॅक, म्हणजे एकावर एक रचलेले आवाजांचे थर, तेही विझले. मला जेवण जाईना, तेव्हा बाबांनी काही न बोलता कार्ड काढून दिलं.

शेवटी आईनेच सुचवलं, "पंचवटीत तुझे तबल्याचे गुरुजी आहेत ना, त्यांच्याकडे जा." लहानपणी दोन वर्षं मी त्यांच्याकडे ‘धा धिं धिं धा’ घोकलं होतं आणि क्रिकेटसाठी सोडलं होतं. म्हणजे सल्ला मागायच्या आधी माफी मागणं आलं. बिटकोवरून सिटी बस पकडली आणि सकाळी दहाला जाऊन पोहोचलो.

गुरुजींना आधी विश्वासात घ्यावं म्हणून मी माझं गाणं बाजूला ठेवून चरणजित सिंग लावले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये मुंबईत एक रेकॉर्ड केली. रोलँड कंपनीची टीआर-८०८ ही ठेक्याची आणि टीबी-३०३ ही बेसची, अशी दोन जपानी यंत्रं, वर सिंथेसायझर आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. पुढे १९८७ च्या सुमारास शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ मधून कुईंकुईं आवाज काढून ‘ॲसिड हाउस’ काढलं, जगभर गाजवलं. आणखी वीसेक वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं, की हे असलं काहीतरी मुंबईत आधीच झालं होतं. हा इतिहास मी गुरुजींना छाती फुगवून सांगितला आणि मालकंस लावला.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, जिंकलो. डोळे उघडून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "किती वाजले?"

"दहा, गुरुजी."

"सकाळचे ना? मग मालकंस काय लावतोस? तो मध्यरात्रीनंतरचा राग."

हे संगीत मध्यरात्रीनंतरच वाजतं, हे सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

मग माझं गाणं लावलं. ड्रॉप म्हणजे ठेका आणि बेस एकदम कोसळतात ती जागा. तिच्या आधी येतो तो स्नेअरचा, म्हणजे कडकडणाऱ्या छोट्या ड्रमचा, रोल मी मोठ्या हौसेने रचला होता. आधी ठोक्याला एक, मग दोन, मग चार, मग आठ. गुरुजी मांडीवर बोटं आपटत म्हणाले, "ठाय, दुगुन, चौगुन, अठगुन. बरं. आणि हे सगळं येतं कुठे? समेवर. यात नवीन काय आहे?" मी गप्प. नऊ महिने ज्याला मी ‘बिल्डअप’ म्हणत होतो, ते हे गृहस्थ रोज संध्याकाळी सहा ते सात शाळकरी पोरांकडून करून घेत होते.

"पण एक सांग," गुरुजी पुढे सरसावले, "खाली कुठाय?"

"म्हणजे?"

"अरे, चार-चारचे चार भाग, सोळा मात्रा. तीनतालच झाला की. नवव्या मात्रेला खाली नको? तिथे डग्गा गप्प बसतो, म्हणून सम आल्यावर बरं वाटतं. तुझं सगळं भरीच भरी. धा धा धा धा! जेवायला बसलेल्याला श्वास तरी घेऊ दे."

एका वाक्यात माणसाने नऊ महिन्यांचं दुखणं ओळखलं. मी चौसष्ट ट्रॅक रचत गेलो होतो आणि त्यातला एकही कधी गप्प बसवला नव्हता. वाकून नमस्कार केला. गुरुजी म्हणाले, "क्रिकेटचं काय झालं?"

घरी येऊन ड्रॉपच्या आधी पूर्ण एक बार कोरा केला. किक नाही, बेस नाही, काही नाही. आता प्रश्न उरला बेसचा. तो मला ऐकूच येत नव्हता.

यामागे भौतिकशास्त्र आहे आणि ते माझ्या विरोधात आहे. माझी खोली १० बाय १० ची. माझ्या गाण्याचा मूळ बेस ५५ हर्ट्झचा. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे या बेसची एक लाट सव्वासहा मीटरची आणि अर्धी लाट दहा फुटांच्या जरा वर, जणू माझ्या दोन भिंतींच्या मापानेच शिवलेली. अशा खोलीत बेस भिंतींपाशी साठतो आणि मधोमध नाहीसा होतो. खोली चौरस असली की दोन्ही बाजूंनी तोच घोळ. माझी खुर्ची कुठे? फॅनच्या बरोबर खाली, मधोमध. टेबल हलवावं तर एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला आजीचा पलंग.

कुणीतरी सांगितलं, भिंतींना अंड्यांचे ट्रे लाव. मी गाड्यांवरून फिरून ४६ ट्रे जमवले. महिना श्रावण. जिन्यातून ट्रेंची चळत घेऊन जाताना सेक्रेटरी भेटले. त्यांनी मोजणी केली असावी, कारण संध्याकाळपर्यंत सोसायटीत ‘श्रावणात एक हजार तीनशे ऐंशी अंडी’ ही बातमी पसरली. एवढं करून ट्रेंनी बेसचं काहीच वाकडं केलं नाही. कागदाचा लगदा तो, सहा मीटरच्या लाटेला काय अडवणार? शेवटी आईने ते उतरवले आणि जागेवर गोधड्या टांगल्या. खोलीला बाळंतिणीच्या खोलीची कळा आली.

आणि एका दुपारी शेजारच्या काकू आल्या. त्यांचं स्वयंपाकघर आणि माझी खोली यांत एकच भिंत.

"काय चालवलंयस रे? फळीवरच्या डब्यांची झाकणं नाचतायत माझ्या!"

"खरंच? कुठल्या डब्याचं? किती जोरात?"

तक्रारीचं एवढं स्वागत काकूंनी जन्मात पाहिलं नसेल. मी त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो, आईला माझ्या खोलीत बटण दाबायला सांगितलं, आणि तो आला. माझा बेस! नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी तो ऐकला, पोह्यांच्या डब्यातून. झाकण आधी नुसतं शहारलं, मग कडेवर गोल फिरायला लागलं, खर्र्र्र. डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं, फोडणीचं.

त्या दिवसापासून काकू माझ्या साउंड इंजिनियर. मी भिंतीवर दोन टकटक करायचो, गाणं लावायचो आणि व्हॉट्सॲपवर निकाल यायचा. ‘पोहे वाजले, डाळ नाही.’ ‘डाळ जास्त झाली.’ ‘तिखटाचा डबा वाजतोय, काहीतरी चुकलं.’ आमच्या अनुभवात पोह्यांचा मोठा डबा अगदी खालच्या सुराला ओ देई, तूरडाळीचा थोडा वरच्या. लाख रुपयांचे स्पीकर लावूनही काही जणांना एवढा स्पष्ट निकाल मिळत नसेल.

तुळशीचं लग्न झालं आणि सिडकोत, पवननगरला मामेभावाची हळद ठरली. तारीख ९. साउंडवाला दादा मामाच्या ओळखीचा. त्याने गाणं लावायचं कबूल केलं आणि जाता जाता मार्गदर्शनही केलं, "मधेमधे स्वतःचं नाव ओरड. नाव नाही तर पब्लिकला कळणार कसं कोणाचंय?" हे मी मनावर घेतलं नाही. मी २ तारखेला शेवटचं मिक्सिंग करायला बसलो. टकटक केली. निकाल आला, ‘काहीच वाजत नाही.’

बेस थोडा वाढवला. ‘नाही.’ अजून. ‘नाही रे.’ ६ डेसिबल चढवले, तेव्हा कुठे मेसेज आला, ‘पोहे जरासे हलले.’ मी समाधानाने फाइल बंद केली. ६ डेसिबल म्हणजे त्या पट्टीत ॲम्प्लिफायरला चौपट ताकद लावायची, हे मला माहीत होतं. पण काकू म्हणतायत म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची?

हळदीत रात्री नऊच्या सुमारास माझं गाणं लागलं. दहानंतर स्पीकर बंद करावे लागतात, त्यामुळे गर्दी पेटलेली होती. ठेका पकडला. नवरदेवाला खांद्यावर घेतलं. दुगुन, चौगुन, अठगुन… आणि गुरुजींची खाली आली. पूर्ण शांतता. "लाईट गेली का?" मागून कुणीतरी ओरडलं. जनरेटरवाला उठून उभा राहिला. मी हात वर करून म्हणतोय, थांबा, थांबा. आणि सम आली.

बॉक्समधून असा काही आवाज निघाला, की मंडपाची झालर आत ओढली गेली आणि हळदीचं ताट टेबलावरून आपणहून निघालं. एक ठोका, दोन ठोके, तिसऱ्याला जनरेटरने मान टाकली. मिट्ट काळोख. पहिली शांतता माझी होती, दुसरी जनरेटरची. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या दुसरीला. त्यांना वाटलं, तोही गाण्याचाच भाग. अंधारात मावशींनी हळदीची गाणी धरली आणि ती चांगली अर्धा तास चालली. साउंडवाला दादा बॅटरी घेऊन माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, बरं झालं नाव नाही टाकलंस."

दुसऱ्या दिवशी काकूंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"आपण कधी ऐकलं होतं रे ते?"

"दोन तारखेला."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! एक तारखेला किराणा भरला होता मी. सगळे डबे गच्च! झाकण दाबून लावलं होतं. ते काय वाजणार, डोंबल?"

त्यांच्या दारामागच्या कालनिर्णयवर आता २५ तारखेपुढच्या चौकटींत माझं नाव आहे, पेन्सिलने, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. महिन्याचे पहिले वीस-बावीस दिवस मी सूर रचतो, गुरुजींकडे जाऊन तीनताल पक्का करतो, बेसला हात लावत नाही. डिसेंबरात काकूंकडे पाहुणे होते, त्यामुळे काम जरा लवकर सुरू झालं. १९ तारखेला दुपारीच मेसेज आला, ‘पोह्यांचा डबा खाली. लाव.’