साठीनंतर गोळ्या बंद करा म्हणे! पण कुठल्या?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज परत फिरून आला. "साठीनंतर बीपी-शुगरच्या गोळ्या म्हणजे विष, सगळा कंपन्यांचा धंदा", खाली पाच कलमं आणि शेवटी नेहमीचं, किमान दहा ज्येष्ठांना पाठवा. पाठवणारे आमचेच काका, म्हणून तिथे काही बोललो नाही. पण अठरा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे, हात शिवशिवतातच, म्हणून इथे लिहितोय.

आधी एक कबूल करतो, मेसेज सगळाच खोटा नाहीये. म्हाताऱ्या माणसांना गोळ्या जास्त होतात हे खरंय. गंमत अशी की मेसेज ज्या गोळ्या फेका म्हणतो त्या बहुतेक जीव सांभाळणाऱ्या, आणि ज्या "साध्या" म्हणून बिनधास्त घ्या म्हणतो त्यांनीच माणसं अॅडमिट होतात.

"वय अधिक 100 म्हणजे नॉर्मल बीपी, सत्तरीत 170 चालतं." हे जुन्या काळी खुद्द डॉक्टरही मानायचे बरं का. पण 1991 साली अमेरिकेतली शेप नावाची मोठी ट्रायल आली, साठीपुढची 4,736 माणसं, वरचं बीपी 160 च्या पुढे आणि खालचं ठीक, म्हणजे आपल्याकडे "वयाचं बीपी" म्हणून सोडून देतात नेमकं तेच. गोळी दिलेल्यांमध्ये लकव्याचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी निघालं. मग 2008 ला ऐंशीच्या पुढच्या लोकांवर हायवेट ट्रायल झाली, तिथेही गोळीचा फायदाच दिसला. हां, त्यात टार्गेट 150/80 होतं, 120 नाही. फार थकलेल्या, उठताना तोल जाणाऱ्या आजोबांचं बीपी ओढून ताणून खाली आणू नये हे बरोबरच आहे, पण ते डॉक्टरने उभं करून बीपी मोजून ठरवायचं, फॉरवर्ड वाचून नाही.

"या गोळ्यांनी किडनी जाते, दुखलं-खुपलं तर मेडिकलमधून साधी पेनकिलर घ्या." इथे मात्र माझं डोकं फिरतं, कारण एकदम उलटं आहे. किडनी खराब करतात ते वाढलेलं बीपी आणि वाढलेली शुगर. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी तर शुगरवाल्यांची किडनी जपायला म्हणूनच देतात, फक्त मधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं असतं. आणि ती साधी पेनकिलर म्हणजे कोण, तर डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन! ती बीपी वाढवते, पोटात अल्सर करते, किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. त्यातून आजी टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि जास्त लघवी व्हायची गोळी आधीच घेत असेल आणि वर गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक, तर ही तिन्ही मिळून किडनीला घेरतात, आणि उन्हाळ्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की मग विचारूच नका. माझ्या आत्याचं असंच झालं होतं. पंधरा दिवस कुठून तरी आणून गोळ्या खाल्ल्या, घरात कुणाला पत्ता नाही, लघवी कमी झाली, पाय सुजले आणि गाडी थेट अॅडमिटवर गेली. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर पेनकिलरने पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. गुडघेदुखीला आधी पॅरासिटामॉल बरी, पण तीही मोजून, कारण सर्दीच्या गोळीत पण तीच असते, आणि क्रोसिन-डोलो दोन्ही घेतल्या म्हणजे एकच औषध दोनदा घेतलं.

"झोप नाही आली तर झोपेची अर्धी गोळी, सवय लागत नाही." लागते. झोपेसाठी सर्रास घेतात ती अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, आम्हाला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, तरी "अहो रोजचंच आहे, द्या की" म्हणणारे रोज दोन जण तरी येतात. रात्री बाथरूमला उठलं की त्या गुंगीत तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की घरातलं सगळंच बदलतं. आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्याने एकदम बंदही करायची नाही, फिट येऊ शकते, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

"रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद." अरे गोळीमुळेच नॉर्मल आलाय ना तो! मेटोप्रोलोलसारखी बीपी-हार्टची गोळी तर अचानक सोडली की छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं.

"कारल्याचा रस, ज्येष्ठमधाचा काढा, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट झिरो." ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. कारल्याने शुगर थोडीफार उतरतही असेल, पण सोबत ग्लिबेनक्लामाइड ही शुगरची गोळी चालू असेल तर? ती गोळी म्हाताऱ्या माणसांत शुगर फार खाली नेते आणि तासन्‌तास वर येऊ देत नाही. ज्येष्ठांना शक्यतो टाळायच्या औषधांची बिअर्स यादी म्हणून एक आहे, 1991 पासूनची, अमेरिकेतले वृद्धांचे डॉक्टर ती दर काही वर्षांनी सुधारतात, त्यात ग्लिबेनक्लामाइड आहे, झोपेच्या गोळ्या आहेत, पेनकिलर आहेत. बंद करायचंच असेल तर डॉक्टरशी बोलायला सुरुवात या यादीपासून करा ना.

बाकी काका. रविवारी त्यांचा फोन आला, पाय सुजतायत. म्हटलं घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत टाका नि घेऊन या, काढ्याच्या बाटल्यांसकट. पिशवी काउंटरवर ओतली तर अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी दोन नावांनी, एक फॅमिली डॉक्टरची, एक हार्टवाल्यांच्या कॉम्बिनेशन गोळीत. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, डोस वाढला की जास्तच, आणि ती सूज बघून तिसऱ्याने लघवीची गोळी लिहून दिलेली! स्ट्रिपवरची बारीक अक्षरं पेनने गोल करून दिली, म्हटलं मनाने काही सोडू नका, उद्या हीच पिशवी फॅमिली डॉक्टरांसमोर ओता. गेले, एक गोळी कमी झाली, सूज उतरतेय.

तो मेसेज मात्र ग्रुपवर अजून तसाच आहे, काकांनी डिलीट केलेला नाही.