म्हणे हॉलिवूडची स्वस्त कॉपी!

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, की युरोपातले ते वेड्या डॉक्टरांचे जुने हॉररपट म्हणजे हॉलिवूडच्या फ्रँकेन्स्टाइनची (प्रेतांचे तुकडे जोडून राक्षस बनवणारा तो डॉक्टर) स्वस्त कॉपी, बजेट नाही म्हणून कला नाही, आणि डोकं तर अजिबातच नाही, नुसतं रक्त. वाचून कपाळाला हात लावला.

कॉपी? अहो, कॉपी करायची सोयच नव्हती. १९५७ ला इंग्लंडच्या हॅमर स्टुडिओने 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' काढला तेव्हा हॉलिवूडचे फ्रँकेन्स्टाइनपट काढणारे युनिव्हर्सल स्टुडिओवाले कोर्टाची धमकी देऊन बसलेले, की तो चपट्या डोक्याचा, मानेत बोल्टवाला चेहरा आमचा, हात लावायचा नाही. मग हॅमरने राक्षस झालेल्या ख्रिस्तोफर ली या नटाला वेगळाच मेकअप केला आणि सगळा भर टाकला डॉक्टरवर. हॉलिवूडच्या सिरीजमध्ये राक्षस तोच आणि डॉक्टर बदलतात, इथे बरोब्बर उलटं, पीटर कुशिंगने केलेला बॅरन, म्हणजे डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन, सहा सिनेमांत तोच आणि राक्षस दर वेळी नवा. हा बॅरन नडणाऱ्या मोलकरणीला राक्षसाच्या खोलीत कोंडतो आणि पुढच्याच सीनला नाश्त्याच्या टेबलावर शांतपणे मार्मलेड मागतो! आता सांगा, राक्षस कोण? गंमत म्हणजे १९६४ च्या भागाचं वितरण युनिव्हर्सलकडेच होतं म्हणून जुन्या मेकअपची मुभा मिळाली, आणि माझ्या मते तोच राक्षस सगळ्यात ठोकळा दिसतो.

बजेटचं म्हणाल तर इटलीचा 'इ वाम्पिरी' (१९५७) बघा. एक प्रोफेसर मुलींचं रक्त वापरून डचेसला तरुण ठेवतोय, आणि ती कॅमेऱ्यासमोर, कट न करता म्हातारी होते. कॅमेरामन मारिओ बावाची करामत, सुरकुत्या रंगीत मेकअपने काढलेल्या, ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर एका रंगाच्या लाइटमध्ये त्या दिसतच नाहीत, लाइटचा रंग बदलला की उमटतात. ट्रिक हॉलिवूडने १९३१ लाच वापरलेली, कबूल, पण कला नाही कसं म्हणता?

आणि 'नुसतं रक्त' म्हणणाऱ्यांनी फ्रान्सच्या दिग्दर्शक फ्रांज्यूचा 'आईज विदाउट अ फेस' (१९६०) पाहिलेला नाही एवढं नक्की. ज्या अपघातात मुलीचा चेहरा गेला त्यात गाडी बापच चालवत होता, आणि आता तो दुसऱ्या पोरींचे चेहरे कापून तिला लावतोय. ऑपरेशनच्या सीनमध्ये आधी पेन्सिलने चेहऱ्याभोवती रेघ, मग तिच्यावरून स्काल्पेल, घाई कुठेच नाही. चेहऱ्याचं पहिलं खरं प्रत्यारोपण झालं तेही फ्रान्समध्येच, २००५ ला.

कॉपीच शोधायची तर स्पेनच्या दिग्दर्शक जेस फ्रँकोच्या 'ऑफुल डॉक्टर ऑर्लोफ'मध्ये (१९६२) शोधा, पण ती फ्रांज्यूची आहे, हॉलिवूडची नाही. फ्रँकोचे नंतरचे बरेच सिनेमे मात्र खरंच टाकाऊ आहेत, त्यावर भांडणार नाही.