काका, यूज काय आहे?

आमच्या घरातला कॉम्प्युटर 2012 सालचा. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, तो तेराव्या. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची देखभाल बंद झाली आणि त्याच सुमाराला तो पडदाभर सांगायला लागला, की आपण विंडोज 11 ला पात्र नाही. का, तर टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप त्याच्या पोटात नाही. शरीरातल्या बऱ्याच ग्रंथींची नावं आपल्याला रिपोर्ट हातात आल्यावरच कळतात, तसं झालं. म्हणजे तो चालतो, बंद पडलेला नाही, पण यापुढे काही झालं तर कुणी जबाबदार नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं हेच चाललंय, तरी आम्ही तिच्यातून जातो. पण लिफ्टमध्ये सोसायटीचे हिशेब नसतात आणि कॉम्प्युटरमध्ये होते.

कारण मी खजिनदार आहे. तीन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत चहा घ्यायला उठलो आणि परत येऊन बसेपर्यंत झालो होतो. डोंबिवली पूर्वेला 32 फ्लॅटची सोसायटी. दर महिन्याला 32 बिलं, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, सहकार कायद्याच्या कलम 79 ची विवरणपत्रं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाची चार वर्षांची थकबाकी, जी मी दर महिन्याला व्याजासकट वाढवतो आणि तो दर महिन्याला मला हसून नमस्कार करतो.

तर नवीन यंत्र घ्यायचं ठरलं. ठरलं एवढ्यावर आमचं एकमत होतं.

हिंजवडीतल्या मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, लॅपटॉप घ्या. साधा घ्या, पण लॅपटॉपच." भाच्याचं म्हणणं उलट. "मामा, या वयात लॅपटॉप कशाला? टॅब घ्या. हलका, फोनच्या चार्जरवर चार्ज होतो, पटकन उघडतो." 'या वयात' हे शब्द मी बाजूला काढून ठेवले, योग्य वेळी व्याजासकट परत करायला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, दोन्ही नको, जुन्यालाच नवीन रॅम टाका. सेक्रेटरींचं प्रत्येक गोष्टीवरचं उत्तर 'जुन्यालाच' असतं, म्हणूनच लिफ्टचं हे असं आहे.

मात्र यातला प्रत्येक जण सल्ला देण्याआधी एकच प्रश्न विचारायचा. तुमचा यूज काय आहे?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. छत्तीस वर्षं नोकरी केली, पण तुमचा उपयोग काय, असं ऑफिसात कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. मी 'रोजचा साधाच' असं उत्तर द्यायचो. भाचा म्हणाला, "साधा म्हणजे काय मामा? एक आठवडा लिहून ठेवा. कॉम्प्युटरवर आणि फोनवर काय करता, किती वेळ. मग आपोआप ठरेल."

लिहून ठेवणं हा माझा प्रांत. दोनशे पानी वही काढली, पट्टीने रकाने आखले: तारीख, काम, वेळ, शेरा. सोमवारी पहिली नोंद केली. 'सोसायटी लेखाजोखा व पत्रव्यवहार, 2 तास.' मंगळवारी 'वाचन, मनन, चालू घडामोडी, 3 तास.' वही अशी शोभिवंत भरत चालली होती.

गुरुवारी कळलं की बायकोने तीच वही उलटी धरून मागच्या पानापासून स्वतःचे रकाने आखलेत. माझ्यासारखेच, फक्त शेऱ्याच्या जागी तिने 'आसन' असा रकाना घातला होता. खाली नोंदी.

'सोमवार. सोसायटीचे काम. 20 मि. बसून.'
'सोमवार. दुसऱ्याच्या गच्चीतल्या भाज्यांचे व्हिडिओ. 1 तास 40 मि. पडून.'
'मंगळवार. शाळेच्या ग्रुपवर भांडण. 50 मि. टेकून, मग उठून बसून.'
'मंगळवार. टॅब की लॅपटॉप, हे बघणे. 2 तास 15 मि. पडून. चष्मा कपाळावर.'

आयुष्यभर मी लोकांची ऑडिटं सोसली, पण असं नेमकं ऑडिट पाहिलं नव्हतं. शनिवारी रात्री दोन्ही बाजूंचा ताळमेळ घेतला. माझ्याकडे बाराव्या तासाला संपणारं काम तिच्याकडे पावणेदोन तासांत उरकलं होतं. उरलेल्या वेळातली सगळ्यात मोठी रक्कम टॅब आणि लॅपटॉप यांची तुलना करण्यात खर्ची पडली होती. म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचं तर मला यंत्र हवं होतं ते मुख्यतः कुठलं यंत्र घ्यावं हे बघायला.

आणि 'आसन' हा रकाना. तुलनेचे इतके व्हिडिओ पाहिले, त्यात प्रोसेसर होते, बॅटरी होती, निट्स नावाने मोजला जाणारा उजेड होता, पण हा रकाना कुणी आखलेला नव्हता. टॅब हे पडलेल्या माणसाचं यंत्र आहे आणि लॅपटॉप हे बसलेल्या माणसाचं. मी आठवड्यातले सतरा तास पडलेला आणि पावणेदोन तास बसलेला निघालो. लोकशाही मार्गाने टॅब निवडून आला होता.

पुढच्या शनिवारी भाच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून फास्ट, दादरला पूल चढून-उतरून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोड. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर तिथे उभा असलेला माणूसही तुम्हाला पुढच्या चौकात पाठवतो. दुकान आठ बाय दहाचं, त्यात चार विक्रेते, नऊ गिऱ्हाइकं आणि एक स्टूल. स्टुलावर चहाची किटली बसली होती.

"बोला अंकल. यूज काय आहे?" विक्रेत्यांपैकी एक पोरगा म्हणाला.

या वेळी मी तयारीनिशी आलो होतो. पिशवीतून वही काढून दिली. पोराने ती उघडली, मागच्या बाजूने. मी हात पुढे करेपर्यंत त्याने मोठ्याने दोन नोंदी वाचल्याही होत्या. किटलीवाला पोऱ्यासुद्धा थांबून ऐकायला लागला. "अंकल," वही परत करत तो अतिशय प्रेमाने म्हणाला, "तुम्ही टॅबचं गिऱ्हाईक आहात."

टॅब समोर आला, अकरा इंची. छान होता, खोटं कशाला बोलू. पातळ, अर्ध्या किलोचा, बोट लावलं की उघडणारा. भाच्याने माझी बिलांची एक्सेल फाइल त्यात उघडली. 32 फ्लॅट ओळीने झळकले. मी पाच नंबरच्या फ्लॅटची रक्कम बदलायला गेलो, तर पडद्यावर वर्गणीची पाटी आली. भाचा म्हणाला, बरोबर आहे मामा, 10.1 इंचापर्यंत पडदा असेल तर हे अॅप फुकट लिहू देतं, त्यापुढे पैसे. फ्लॅटच्या चौरस फुटांवर मेंटेनन्स लावावा की सरसकट, यावरून आमच्या सोसायटीत दोन घरांचं बोलणं बंद आहे. इथे तर एक्सेलसुद्धा चौरस इंचांवर लावतात.

"मग दहा इंची घेऊ," मी म्हणालो. पोराने दहा इंची दिला. फाइल उघडली, रक्कम बदलली, आनंद झाला. आता फक्त बटण.

या बटणाबद्दल सांगायला हवं. आमच्या फाइलीत वर डाव्या कोपऱ्यात 'बिल काढा' असं एक हिरवं बटण आहे. आधीच्या आधीच्या खजिनदारांनी ते बसवलं आणि नंतर ते नाशिकला मुलीकडे राहायला गेले. ते दाबलं की 32 बिलं, व्याज, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी सगळं आपोआप तयार होतं. कसं होतं ते कुणालाच माहीत नाही. सेक्रेटरी त्या फाइलीला हात लावण्याआधी चपला काढतात. ते बटण मी टॅबवर दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. भाच्याने दाबलं. पोराने जरा जोरात दाबलं. शेवटी दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठून आले, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "अरे ये तो मॅक्रो है. टॅब पे नहीं चलेगा, अंकल." मॅक्रो म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम.

भाचा हार मानणारा नव्हता. "मराठी टाइपिंग तर बघा मामा. बोललं की लिहून येतं." खरंच येतं. मी इन्स्क्रिप्टवर शिकलेला माणूस, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, शिफ्ट आणि जे दाबलं की 'सुऱ्या'मधला 'ऱ'. त्या अर्ध्या 'र'साठी वेगळी कळ आहे हे कळलं, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना 'तऱ्हा', 'दऱ्या', 'वाऱ्या' टाइप करून दाखवलं होतं. काचेवर बोटांना ते सापडेना. मग दुकानाच्या मध्यभागी उभं राहून मी खणखणीत आवाजात म्हटलं, "सभासदांची थकबाकी." पडद्यावर आलं, 'सभासदांची थकली काकी.' मी पुन्हा म्हटलं. काकी तशाच. तिसऱ्या वेळी 'सिंकिंग फंड' म्हणून बघितलं, तर 'शिंकून फोन' असं आलं. वर्षाखेरीच्या ताळेबंदात सभासदांपुढे हे वाचून दाखवायचं, असं क्षणभर मनात आलं आणि मोह झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकी खरंच थकल्या आहेत.

चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड वेगळा मिळतो, पेन वेगळं, कव्हर वेगळं, काच वेगळी. मी वहीतल्या एका कोऱ्या पानावर बेरीज मारली. एकोणीस हजाराचा टॅब एकोणतीस हजारांवर गेला होता आणि बटण अजून चालत नव्हतंच.

मग लॅपटॉप. पहिला दाखवला तो बावीस हजारांचा, 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा. भाच्याने माझा हात धरून मागे ओढलं. विंडोज 11 लाच किमान तेवढी जागा लागते म्हणे. म्हणजे आपण भाड्याने घर घ्यायचं आणि बघायचं तर सगळ्या खोल्यांमध्ये घरमालक. दुसरा बरा होता, पण त्याचा पडदा समोरून पाहिला तर माणूस आणि जरा खालून पाहिला तर निगेटिव्ह. मुलाचा व्हिडिओ कॉल मी असा पडून बघितला असता, तर त्याला काविळीवरची औषधं पाठवली असती.

तिसरा घेतला. चौदा इंची, 8 जीबी, 512 जीबी, वजन दीड किलोच्या वर, अठरा टक्के जीएसटी धरून चौतीस हजार, बॅग फुकट. बिल करण्याआधी बटण दाबून बघितलं. 32 बिलं सरसरत आली, दुकानात दोघांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन बघतो तर 512 च्या जागी 476 जीबी दिसतायत. मी तडक दुकानात फोन लावला. पोराने शांतपणे समजावलं, की बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज 1024 ने, त्यामुळे आकडा कमी दिसतो. दोघांचा हिशेब बरोबर आणि छत्तीस जीबी माझे गेले. रद्दीवाल्याच्या काट्याबद्दल मी आयुष्यभर उगीच बोललो.

जुना कॉम्प्युटर उचलल्यावर त्याचं टेबल मोकळं झालं. दोन तासांत त्यावर इस्त्री, लोकरीचे गुंडे आणि तीन कुंड्या आल्या. "तो लॅपटॉप आहे ना," बायको म्हणाली, "मांडीवर घ्या." मांडीवर घेतला तर गरम लागतो, त्याच्याखाली उशी घेतली तर त्याला श्वास लागतो, पंखा घुरघुरतो. शेवटी पोळपाटावर ठेवला. तो पोळपाट संध्याकाळी सहाला परत द्यावा लागतो.

मागच्या रविवारी मुलगा सहकुटुंब आला. नात चार वर्षांची. तिने माझ्या पोळपाटाशी बसून पडद्यावरून बोट फिरवलं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, मग पूर्ण पंजा. "आजोबा," ती म्हणाली, "तुमचा टॅब बिघडलाय." भाचा समोरच बसला होता. तो काही बोलला नाही. चहाच्या कपात बघत राहिला, आणि हे त्याने बोलण्यापेक्षा वाईट केलं.

बाकी सोसायटीचं काम उत्तम चाललंय. महिन्यातून एकदा बटण दाबतो, वीस मिनिटांत होतं. वही मी केव्हाच बंद केली होती. काल सुट्ट्या पैशांचा हिशेब लिहायला म्हणून उघडली, तर मागची बाजू चालूच होती. हिरव्या शाईत, कालची तारीख घालून:

'टॅब घेतला असता तर बरं झालं असतं का, हे बघणे. 2 तास 10 मि. फोनवर. पडून.'